धरायचा की सोडायचा

पांढऱ्या उंदराच्या पोटात पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं की पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. तो काचेच्या भांड्यात फिरतो, मिशा हलवतो, कडा हुंगतो. मग एकदम थांबतो. पोट आत ओढलं जातं, अंग एका कुशीकडे वळतं, पाठ ताठते आणि मागचे दोन्ही पाय मागे लांबवर ताणले जातात, इतके की तळव्यांची गुलाबी कातडी वर दिसते. दोन-तीन सेकंद. मग तो सावरतो, चार पावलं चालतो आणि पुन्हा तेच. प्रयोगशाळेत याला ‘रायदिंग’ म्हणतात. मी माझ्या वहीत ‘पीळ’ असं लिहायची. पोटात पीळ पडणं म्हणजे काय, हे मला स्वतःला ठाऊक होतं, म्हणून असेल.

हे पीळ मोजणं हे माझं काम होतं. फार्मसीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा माझा प्रबंध निर्गुडीच्या पानांच्या अर्कावर होता: त्याने वेदना आणि सूज कमी होते का, होत असेल तर किती, कोणत्या मात्रेला. हातात अंगठ्याने दाबायचा छोटा काउंटर, समोर भांडं, शेजारी स्टॉपवॉच. इंजेक्शननंतर पाच मिनिटांनी मोजायला सुरुवात करायची आणि वीस मिनिटं नजर हलवायची नाही.

आज मी स्वतः विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. वनस्पतींच्या अर्कावरचे कितीतरी प्रबंध दरवर्षी हाताखालून जातात आणि त्या सगळ्यांत एक सुबक वाक्य असतं: ‘अर्काने लक्षणीय वेदनाशामक आणि दाहशामक गुण दाखवले.’ ते वाक्य वाचताना मला आजही अंगठ्याखालचा तो काउंटर जाणवतो. त्या वाक्याच्या मागे काय काय असतं, आणि माझ्या बाबतीत काय होतं, ते एकदा नीट लिहून काढायचं होतं.

सुरुवात पाल्यापासून. निर्गुडी ओळखायला सोपी वाटते. हाताच्या बोटांसारख्या पाच पर्णिका, मधली सगळ्यात लांब, वरून हिरवी आणि खालून राखाडी-पांढरट, चुरगळली की नाकात शिरणारा तो उग्र वास. पण मी नेलेली फांदी पाहून वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आधी विचारलं, “फुलं कुठे आहेत?” फुलांशिवाय ते सही करायला तयार नव्हते. निर्गुडीच्याच एखाद्या झाडाला कुठे तीन पर्णिकाही येतात, आणि निर्गुडी ज्यात मोडते त्या व्हायटेक्स वंशात तीन पर्णिकांची दुसरी प्रजातीही आहे. ‘पान सारखं दिसतं’ एवढ्यावर औषधाचा अभ्यास उभा राहत नाही. मी निळसर जांभळ्या तुऱ्यांची फांदी घेऊन परत गेले. ती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून, क्रमांक देऊन हर्बेरियममध्ये ठेवली गेली. उद्या कुणाला माझा निष्कर्ष पटला नाही, तर मी नेमकं कोणतं झाड वापरलं ते त्या कागदावर बघता येईल. सगळ्या प्रबंधातलं सर्वांत प्रामाणिक पान ते असावं असं मला अजून वाटतं.

पाला धुतला, सावलीत पसरला, रोज उलटा केला. उन्हात टाकला असता तर दोन दिवसांत वाळला असता, पण पानातली नाजूक द्रव्यं उन्हाने बिघडतात. पाने बोटांत मोडली की कुरकुरायला लागली तेव्हा त्यांची भरड केली. फार बारीक पूड झाली तर द्रावण तिच्यातून उतरत नाही, फार जाड राहिली तर आतलं निघत नाही.

मग सॉक्सलेट. हे उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी तयार केलं आणि आज जगभर पाल्याचे, सालींचे, मुळांचे अर्क त्यातून निघतात. खाली गोल चंबूत इथेनॉल उकळतं, वाफ बाजूच्या नळीने वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबाने भरडीवर पडते. भरडीचा कप्पा हळूहळू भरतो. पातळी बारीक नळीच्या वळणाच्या वर गेली की सगळं हिरवं द्रावण एका दमात, घोट घेतल्यासारखा आवाज करत, खाली उतरतं. पुन्हा थेंब, पुन्हा भरणं, पुन्हा तो घोट. उतरणारं द्रावण बिनरंगी दिसेपर्यंत हे चालतं. मी त्या आवाजाजवळ बसून अख्खे दिवस काढले आहेत. इथेनॉल उडवून टाकल्यावर चिनी मातीच्या बशीत जे उरतं ते काळपट हिरवं, चिकट, काकवीपेक्षाही घट्ट असतं. ते स्पॅच्युलाने खरवडताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं: निर्गुडीचा वासच राहिला नव्हता. जो वास ही या झाडाची ओळख, तो उडनशील तेलाचा. थोडा वाळवताना गेला, उरलेला उष्णतेने गेला. बशीत होतं ते पानातून निघालेलं काहीतरी होतं. पान नव्हतं.

त्या लगद्याचे प्राथमिक रासायनिक तपास केले. मॅग्नेशियमचा तुकडा आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकल्यावर गुलाबी-लाल छटा आली, म्हणजे फ्लेव्होनॉइड आहेत. फेरिक क्लोराइडने रंग गडद काळपट झाला, म्हणजे फिनॉलवर्गी द्रव्यं, टॅनिन. या परीक्षानळ्या बघायला सुंदर असतात आणि त्यांच्यावर विद्यार्थ्यांचा फार विश्वास बसतो. पण फ्लेव्होनॉइड जवळपास प्रत्येक हिरव्या पानात सापडतात. ‘यात फ्लेव्होनॉइड आहेत, म्हणून वेदना कमी झाल्या’ हे वाक्य प्रबंधात दिसलं की मी आता तिथे लाल रेघ मारते. ‘म्हणून’ या शब्दाची किंमत त्या परीक्षानळीत चुकती झालेली नसते.

यानंतर प्राणी. त्याआधी नीतिशास्त्र समितीसमोर अर्ज. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी जी तीन तत्त्वं मांडली ती आज सगळीकडे मानली जातात: प्राण्याशिवाय काम होत असेल तर तो मार्ग घ्या, प्राणी लागलेच तर कमीत कमी घ्या, आणि जे घ्याल त्यांचा त्रास शक्य तितका कमी करा. वेदनेच्या अभ्यासात तिसऱ्या तत्त्वापाशी माणूस अडखळतो. वेदनाशामक तपासायचं तर आधी वेदना द्यावी लागते. ती किती द्यायची, किती वेळ, हे ठरवून घ्यायचं, आणि ठरल्यापलीकडे एक मिनिटही जायचं नाही. वीस मिनिटांची मोजणी संपली की माझ्या अभ्यासातल्या प्रत्येक उंदराला समितीने मान्य केलेल्या पद्धतीने, यातना न देता मारलं जाई. हे प्रबंधात एका ओळीत येतं. मीही एका ओळीतच लिहिलं होतं.

आधी सुरक्षिततेची तपासणी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात, आणि चौदा दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. शरीराच्या दर किलोला २००० मिलिग्रॅम देऊनही माझ्या तीन माद्या धडधाकट राहिल्या, तेव्हा मात्रा ठरल्या: १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम. पाच गट. एकाला नुसतं पाणी आणि ट्वीन-८०, म्हणजे ज्यात अर्क मिसळायचा ते माध्यम. एकाला डायक्लोफेनॅक, ज्याचा गुण आधीपासून सिद्ध आहे. तिघांना अर्क, तीन मात्रांत. गटात सहा, एकूण तीस उंदीर.

पहिली मोजणी झाली त्या संध्याकाळी मी आनंदाने घरी गेले. माध्यम दिलेल्या गटातले उंदीर सारखे पिळवटत होते आणि अर्क दिलेले त्यांच्या मानाने शांत होते. मात्रा वाढेल तसे पीळ कमी. आलेख काढला तर पायऱ्यांसारखा उतरत गेलेला, पाठ्यपुस्तकात छापावा असा. माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवला. त्यांनी आलेखाकडे थोडाच वेळ पाहिलं आणि विचारलं,

“औषध कोणी पाजलं?”

“मीच, सर.”

“आणि मोजलं कोणी?”

“मीच.”

ते काही बोलले नाहीत. उठून माझ्याबरोबर ॲनिमल हाउसमध्ये आले. तिथे प्राण्यांची देखभाल करणारे मामा होते. त्या दिवशी एका दुसऱ्या विद्यार्थ्याची मोजणी चालू होती. त्याच्या भांड्यापाशी आम्ही दोघं उभे राहिलो. उंदराने पाठ ताणली, पण पाय पूर्ण ताणले नाहीत. अर्धवट काहीतरी झालं आणि तो चालायला लागला.

“हा धरायचा की सोडायचा?” सरांनी विचारलं.

मी गप्प राहिले. मला उत्तर येत होतं, म्हणून गप्प राहिले. तसे अर्धवट पीळ मी आदल्या दिवशी डझनांनी पाहिले होते. आणि त्या क्षणी मला स्पष्ट आठवलं की माध्यमाच्या गटातला अर्धवट पीळ मी धरला होता आणि अर्काच्या गटातला सोडला होता. खोटेपणा करायचा म्हणून नाही. अंगठा आपसूक दाबला जात होता किंवा जात नव्हता. ‘याला औषध दिलंय, हा नुसता अंग ताणतोय’ असं मनाने आधीच म्हटलेलं असायचं आणि डोळा ते तसंच पाहायचा.

सरांनी रागावून बोलायला हवं होतं असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, “परत करावं लागेल. समितीला पत्र लिही.”

ते पत्र मी अजून विसरलेले नाही. जादा प्राणी मागायचे तर एका रकान्यात कारण द्यावं लागतं. ‘अतिरिक्त प्राण्यांची आवश्यकता का?’ त्यापुढे चार रेघा. मी आधी लिहिलं, ‘निरीक्षणांच्या पडताळणीसाठी’. खोडलं. मग लिहिलं, ‘पहिल्या वेळी मोजणी करणाऱ्याला गट माहीत होते, त्यामुळे ती निरीक्षणं ग्राह्य धरता येत नाहीत.’ हे खरं होतं. तीस उंदीर पिळवटले, मारले गेले आणि त्यातून काहीच निघालं नाही, कारण मी एका कागदी लेबलवर चिकटपट्टी लावली नव्हती. आता आणखी तीस. पत्र टाईप करताना माझी बोटं त्या ‘३०’ वर थांबली होती.

मोजणाऱ्याला गट माहीत नसणं, म्हणजे ब्लाइंडिंग, ही फार जुनी आणि साधी गोष्ट आहे. प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या वृत्तांतात काय काय लिहिलंच पाहिजे याची ‘अराइव्ह’ नावाची यादी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात प्राणी गटांत कसे वाटले आणि मोजणाऱ्यापासून गट लपवले होते का, हे दोन्ही विचारलेलं आहे. यादी झाली म्हणून सगळे तसं करतात असं नाही. मला स्वतःला शिकवलेलं होतं. परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. ते माझ्या अंगठ्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या वेळी सरांनी स्वतः पाजलं. पिंजऱ्यांना फक्त अंक. कोणत्या अंकाला काय दिलं त्याचा कागद बंद लिफाफ्यात त्यांच्या कपाटात. त्यातही एक अडचण निघाली, जी कुठल्याच पुस्तकात मी वाचली नव्हती. अर्क गडद हिरवा होता. तोंडावाटे सुईने पोटात सोडला तरी काढताना एखादा थेंब ओठाला लागे आणि पांढऱ्या उंदराच्या मिशांवर हिरवा डाग दिसे. लांबूनच कळे, हा अर्काचा. मामांनी ते आधी पाहिलं. “पोरी, याचं तोंड बघितलंस का?” असं म्हणून ओल्या कापसाने प्रत्येक उंदराचं तोंड पुसायला त्यांनी सुरुवात केली, ज्यांना नुसतं माध्यम दिलं होतं त्यांचंसुद्धा, म्हणजे ओलं तोंड ही खूण होऊ नये. शास्त्रज्ञ म्हणून ज्यांचं नाव कुठेच येत नाही अशा माणसाने माझा प्रयोग त्या दिवशी सावरला.

मी मोजत राहिले. अर्धवट पीळ आला की धरायचा, असं आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. शेवटचा पिंजरा संपल्यावर लिफाफा उघडला.

आकडा उतरला होता. नाहीसा झाला नव्हता. ४०० ची मात्रा टिकली, २०० ची काठावर आली, १०० मध्ये काहीही नव्हतं. पायऱ्यांचा तो देखणा आलेख गेला आणि त्याच्या जागी एक खडबडीत, ओबडधोबड रेघ आली. तिच्यावर माझा विश्वास बसला.

पण गुण टिकला म्हणजे तरी काय टिकलं? ही पद्धत फार संवेदनशील आहे आणि म्हणूनच फार भोळी. स्नायू सैल करणारी काही औषधं, ॲलर्जीवरची काही औषधं, ज्यांना कुणी वेदनाशामक म्हणणार नाही, तीही पीळ कमी करतात. झोपाळलेला उंदीरही कमी पिळवटतो. मग विचारावं लागतं, वेदना कमी झाली की नुसती हालचाल कमी झाली? त्यासाठी वेगळे उंदीर फिरत्या दांडीवर चढवले. पेंग आलेला उंदीर दांडीवरून पडतो. माझे पडले नाहीत. एवढं एक शंकेचं कुलूप उघडलं.

मग गरम पत्रा. ५५ अंश सेल्सिअसच्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पंधरा सेकंदांत त्याने काही केलं नाही तरी उचलायचाच, नाहीतर तळवे भाजतील. वूल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी १९४४ मध्ये सांगितलेली ही पद्धत. मॉर्फिनसारखी, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी औषधं इथे ठळक दिसतात. सूज-दाहाच्या वाटेने काम करणारी बहुतेक दिसत नाहीत. माझा अर्क इथे सपशेल पडला. अर्क दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर यांच्यात काही फरक नव्हता. मला वाईट वाटलं. सर मात्र पहिल्यांदाच खुश दिसले. “आता तुझ्या अर्काला आकार आला,” ते म्हणाले. “तो काय करतो ते कळायला तो काय करत नाही ते कळावं लागतं.”

उरला रॅटचा, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचा, पंजा. मला हाच भाग सर्वांत आवडायचा, कारण इथे काळ दिसतो. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या कॅराजीननचं एक टक्का द्रावण, ०.१ मिलिलिटर, मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात टोचायचं. विंटर, रिस्ले आणि नस यांनी १९६२ मध्ये रूढ केलेली पद्धत. तासाभरात पंजा फुगायला लागतो. प्लेथिस्मोमीटरच्या नळीत पंजा बुडवायचा, वर चढलेलं द्रव किती ते वाचायचं, दर तासाला. घोट्यापाशी मार्करने एक रेघ आखलेली असते. दर वेळी नेमका त्या रेघेपर्यंतच पंजा बुडला पाहिजे. केसाएवढा खाली-वर झाला तरी आकडा बदलतो, आणि रॅट दर वेळी पाय आखडून घेतो. त्याला डाव्या हातात धरून, अंगठ्याने पाय सरळ करून, रेघ पाण्याच्या पातळीशी टेकवून एक क्षण श्वास रोखायचा. चौथ्या तासापर्यंत ती रेघही पुसट होते, म्हणून ती आधीच गडद करून घ्यावी लागते.

ही सूज एकाच कारणाने येत नाही, शरीरातल्या वेगवेगळ्या रसायनांमुळे टप्प्याटप्प्याने येते. सुरुवातीला हिस्टामिन आणि सिरोटोनिन, मग ब्रॅडिकायनिन, आणि साधारण तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिन. माझ्या अर्काने पहिल्या तासात काही केलं नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला मात्र फरक दिसला, डायक्लोफेनॅकइतका नाही, पण दिसला. पीळ कमी झाले, गरम पत्र्यावर काही नाही, सूज उशिराच्या टप्प्यात उतरली: तिन्ही मिळून एकाच दिशेला बोट दाखवत होते. प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेवर कुठेतरी हा अर्क आडवा येत असावा. ‘असावा’च. प्रोस्टाग्लँडिन तयार करणारं एन्झाइम मी वेगळं काढून तपासलं नव्हतं.

ही वाट आपल्याला कळली त्याची हकिगत मोठी आहे. एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने कडू लागणारी विलोची साल चाखून पाहिली, पाववाल्याच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगावर पिशवीत तीन महिने वाळवली, पूड केली आणि हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना दिली. त्याचं पत्र १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचलं गेलं. त्या सालीतून सॅलिसिन निघालं, त्यातून सॅलिसिलिक ॲसिड, आणि १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांच्या हातून ज्याला पुढे ॲस्पिरिन नाव मिळालं ते शुद्ध रूपात तयार झालं. ते नेमकं करतं काय, याचं उत्तर मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दिलं: ते शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. पाद्र्याच्या पत्रापासून त्या उत्तरापर्यंत २०८ वर्षं. आणि याच उत्तराने हेही कळलं की ॲस्पिरिन पोटाला का लागतं, कारण जठराच्या अस्तराची राखण करणारी प्रोस्टाग्लँडिनही त्याच वाटेने येतात. दोनशे आठ वर्षांच्या या रस्त्यावर माझा प्रबंध पहिल्या काही पावलांएवढा होता. मला ते लाजिरवाणं वाटत नाही. पण शेवटच्या मुक्कामाची भाषा पहिल्या पावलाला वापरली जाते, तेव्हा त्रास होतो.

प्रबंध झाल्यावर मावशीने विचारलं होतं. तिचे गुडघे दुखायचे. “तू त्या निर्गुडीवर एवढं केलंस, मग मी पाला बांधू का पोटात घेऊ, ते सांग की.” मी तिच्यासमोर कागद-पेन घेऊन बसले. रॅटची मात्रा माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ती सुमारे ६.२ ने भागायची असते. दर किलोला ४०० मिलिग्रॅमचे झाले साधारण ६५. साठ किलोच्या माणसाला जवळजवळ चार ग्रॅम अर्क. मला शंभर ग्रॅम भरडीतून बारा ग्रॅम अर्क मिळाला होता, म्हणजे चार ग्रॅमसाठी बत्तीस-तेहतीस ग्रॅम वाळलेला पाला, म्हणजे ताजा शंभर ग्रॅमच्या वर. तोही इथेनॉलमध्ये तासन्‌तास उकळून काढलेला. एका वेळेला. आणि हा हिशेबसुद्धा माणसांवरच्या पहिल्या चाचणीत सुरुवात कुठून करावी याचा अंदाज बांधण्यासाठी आहे, त्यातही आणखी दहाने भागून सुरुवात करतात. मी फक्त एकदाच दिलेल्या मात्रेची सुरक्षितता पाहिली होती. रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर यकृताचं, मूत्रपिंडाचं काय होतं, हे माझ्या कामात कुठेच नव्हतं.

“पोटात नको,” मी म्हटलं. “तू रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस, त्यांच्याशी याचं कसं पटेल हे मी तपासलेलं नाही.”

“आणि बांधायचा?”

इथे मला ती वास नसलेली बशी आठवली. गुडघ्यावर बांधतात तो पाला ताजा असतो, गरम केलेला असतो, त्याच्यात ते तेल असतं, वर फडक्याचा दाब असतो आणि बांधणाऱ्याचा हात असतो. मी तपासला होता तो वाळवलेल्या पानांचा, इथेनॉलमधला, बिनवासाचा अर्क, आणि तोही तोंडावाटे. उबेनेसुद्धा दुखरा सांधा सैल होतो. तिच्या प्रश्नातली एकही गोष्ट मी मोजलेली नव्हती. दोन वर्षं मी निर्गुडीवर काम केलं होतं आणि निर्गुडीबद्दल जो एकच प्रश्न लोक खरोखर विचारतात, तो माझ्या प्रबंधाच्या बाहेर होता.

“कातडीला पुरळ उठली नाही तर बांध,” मी म्हटलं. “बरं वाटलं तर ते खरं समज. पण ते माझ्या प्रबंधामुळे आहे असं कुणाला सांगू नकोस. आणि गुडघा सुजला, लाल झाला, तर डॉक्टरांकडे जायचं.”

तिने मान डोलावली. नंतर कित्येक वर्षं ती पाला बांधत होती. मी विचारलं की म्हणायची, “बरं वाटतं गं.” मी ते कुठे लिहून ठेवलं नाही.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीची मोजणी होती. वेगळी वनस्पती, वेगळा अर्क, तीच काचेची भांडी. औषध मी पाजलं होतं, तोंडं पुसली होती, लिफाफा माझ्या कोटाच्या खिशात होता. ती स्टुलावर पुढे वाकून बसली होती, काउंटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बाराव्या-तेराव्या मिनिटाला टिकटिक थांबली.

“मॅडम, हे बघा ना. पाय पूर्ण ताणले नाहीत. हा धरायचा की सोडायचा?”

“वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिलंयस?”

तिने पान उलटलं. वाचलं. टिक असा एक आवाज आला.

“आता एकदा बघता का मॅडम, पुढचा? तुमची नजर जास्त तयार आहे.”

तो चौथा पिंजरा होता. चौथ्यात काय दिलंय ते मला माहीत होतं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिले, तिची वीस मिनिटं संपेपर्यंत.